मागचे पाटे

पाटे विंडहुकहून आले गुरुवारी,
गोणपाटात गुंडाळलेले, काळे, तेलकट,
एकेका बाजूला पाचऐवजी सहा.
हेझेकिएलकाका बुधवारीच गेले होते.

त्यांच्याच मापाने मागवले होते ते.
कीटमन्सहूपच्या दुकानदाराने फोनवर विचारलेलं,
मागे वजन किती असतं?
मी हिशेब दिला :
सात बँडवाले, दोन ट्रॉम्बोन, ढोल, पाण्याचं पिंप
आणि ट्यूबा.
ट्यूबाचं किती धरू?
म्हटलं, ट्यूबाचं सोडा हो, वाजवणाऱ्याचं लिहा.
एकशे बेचाळीस किलो.
दुकानदार हसला, पायरीवर बसलेले काकाही हसले
आणि आमच्या हायलक्सच्या कललेल्या डाव्या बुडाकडे
त्यांनी बोट दाखवलं,
एखाद्याने स्वतःचा फोटो दाखवावा तसं.

पा म्हणाला, बसव. शनिवारी त्यांना न्यायचंय.

रात्रभर यू-बोल्टवर डिझेल ओतून ठेवलं.
सकाळी पान्याला पाइप लावून लोंबकळले,
तेव्हा कुठे एक सुटला, बंदुकीसारखा वाजून.
जुने पाटे अंगणात ओळीने मांडले.
कमान कधीच गेली होती त्यांची,
दोन तर चक्क उलटे वाकलेले,
ओझं उतरल्यावरही पाठ सरळ होत नाही
अशी माणसं असतात ना, तसे.

शॉकअप मात्र जुनेच.
मी म्हटलं, पा, नव्या बैलाला जुनी वेसण?
त्याने कोपरा दाबून पाहिला, बोट फिरवलं, बोट कोरडं.
गळत नाहीत ना? मग?
मग काही नाही.
शॉकअपचे पैसे शवपेटीच्या पितळी कड्यांना गेले,
हे मला ठाऊक होतं.

शनिवारी सहा जणांनी पेटी वर चढवली.
बँड तिच्या कडेने बसला.
गाडीचं बूड खाली गेलं, आणखी गेलं,
आणि थांबलं.
मी लांब जाऊन एक डोळा मिटून पाहिलं :
पुढचं चाक, मागचं चाक, मागे ब्रुक्करोसचा डोंगर,
सगळं एका पातळीत.
तेवीस वर्षांत पहिल्यांदा.
अशा वेळी हे कुणाला सांगतात?

पन्हाळी पत्र्यासारखा तो रस्ता,
पण कड्या वाजल्या नाहीत,
ढोलावर ठेवलेली टोपीसुद्धा पडली नाही.

परतताना एकेक जण उतरत गेला.
योसाफाट पाणचक्कीपाशी,
ढोलवाली रेगिना शाळेच्या वळणावर,
दोघे भाऊ आपल्या शेळ्या दिसल्या तिथेच.
दर उतरणाऱ्यागणिक गाडी उंच होत गेली
आणि अवखळ.
शेवटी पा, मी आणि मागे एकटा ट्यूबा.
पूर्वी खड्डा आला की एक गचका,
एक उसासा, संपलं.
आता एका खड्ड्याच्या चार उड्या.
पाटे उसळायचे, म्हातारे शॉकअप धावत जाऊन धरायचे,
निसटायचं, पुन्हा धरायचे.
ट्यूबा हौद्यात आपटत होता, घुमत होता,
आणि सुराच्या अगदी जवळ जाऊन
सूर नव्हता.

एक पाटा काढून टाकू, पा म्हणाला.
नको, मी म्हटलं. फार लवकर म्हटलं.

त्याने गाडी कोरड्या नदीत उतरवली.
खताची दोन रिकामी पोती, एक फावडं.
मी भरत राहिले, तो तारेने तोंडं शिवत राहिला.
वाळू वरून तापलेली, आतून गार.
किती झालं असेल?
एकशे बेचाळीस नाही झालं.
नसू दे.

दोन्ही पोती मी डावीकडेच ठेवली.
त्याने पाहिलं.
शॉकअपचं पुढच्या महिन्यात बघू, म्हणाला,
आणि दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश
नदीतून गाडी वर काढली.